'मी आलो' म्हणणारी मुलगी आणि स्पॅनिशचे व्याकरण

चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला जाणे हे आम्हा गोंयकारांच्या अंगवळणी पडलेले. लग्नाचा बस्ता बांधायला बेळगाव, दवाखान्याला बेळगाव, आमच्या बाजारातली भाजीही बेळगावचीच. २०१४ साली सरकारी कागदांवर 'बेळगावी' झाले, तरी आमच्या तोंडी अजून बेळगावच आहे आणि या लेखातही तेच राहील. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली. तिच्या सासूचे माहेर निपाणीचे, तंबाखूच्या वखारीवाल्यांचे घर. तेव्हा सीमाभाग हा माझ्यासाठी वर्तमानपत्रातला प्रश्न नाही. ते सोयरिकीचे गाव आहे.

या घरातली माझी भाची गेले वर्षभर स्पॅनिश शिकते आहे. नोकरीत उपयोग होईल म्हणून सुरुवात केली, आता तिला नादच लागला आहे. स्पॅनिश मला येत नाही. पण माझ्या पिढीच्या अनेकांसारखे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून थोडे पोर्तुगीज कानावर पडलेले, आणि या दोन भाषा सख्ख्या बहिणी. म्हणून अडले की ती मला फोन करते. परवा अशीच म्हणाली, "मामा, स्पॅनिशमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. 'बीने'. मुलगा असो की मुलगी, 'बीने'."

मी "हो का" म्हटले आणि पुढे काय बोलावे ते सुचेना. कारण सांगतो.

ती आठ-नऊ वर्षांची असताना मे महिन्यात आमच्याकडे गोव्याला राहायला आली होती. घरात चार पाहुणे बसलेले, साहित्यातली मंडळी. ही बाहेरून धावत आली आणि मोठ्याने म्हणाली, "मामा, मी आलो!" पाहुणे हसले. मीही हसलो, वर सर्वांदेखत तिला दुरुस्त केले, "आलो नव्हे गं, आले म्हणावे. तू मुलगी ना?" पोर लाल झाली. त्या सुटीत ती माझ्याशी मराठीत फारसे बोललीच नाही. आईशी कोंकणीत बोले, माझ्याशी मान हलवून. पुढे शाळेतही तिला असेच कोणीतरी हिणवले, आणि बेळगावची मराठी म्हणजे गावंढळ मराठी हे तिने मनाशी घेतले. सुरुवात मात्र माझ्या घरी झाली होती.

कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत कितीतरी घरांत मुली-बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' असेच म्हणतात. आम्ही पुस्तकी मराठीवाले त्याला चूक म्हणतो. आता शेजारी बसलेली कानडी पाहा. कानडीत तो आला 'बंदनु', ती आली 'बंदळु', ते आले 'बंतु'. तिसऱ्या पुरुषात लिंग अगदी काटेकोर. पण 'मी आलो' म्हणायला बाई असो की बाप्या, 'बंदे'. बोलणारा समोरच उभा असताना तो पुरुष की स्त्री हे क्रियापदाने कशाला सांगायचे? स्पॅनिशचाही हिशेब तोच. 'बीने', मी आलो. 'कोमी', मी खाल्ले. क्रियापद फक्त कोण आणि केव्हा एवढेच सांगते. लिंग जाते विशेषणात. 'मी दमलो' म्हणताना पुरुष 'एस्तोय कान्सादो' म्हणतो आणि बाई 'एस्तोय कान्सादा'. तेव्हा ज्या वाक्यावर मी त्या पोरीला लाल केले, त्याच्या मागे चूक नव्हतीच. दोन भाषांत वाढलेल्या मुलखाची ती रीत होती. एवढे कळायला मला स्पॅनिशची वाट पाहावी लागली.

असो. तर त्या फोननंतर मी जुनी पुस्तके काढून बसलो. गोव्यात बसून स्पॅनिशचा विचार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे गोव्याचाही राजा तोच. आमच्याकडे बोर्ड पोर्तुगीजांचा, पण वाड्याचा मालक माद्रिदला, असा मामला. आणि हीच साठ वर्षे आमच्या भाषेच्या इतिहासात फार मोलाची आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली इथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, मराठी ओव्यांत. त्याने लिहिलेले व्याकरण 'आर्ते द लिंग्वा कानारीं' मात्र त्याच्या मृत्यूनंतर, दिओगो रिबेरो आणि इतर पाद्र्यांनी भर घालून, १६४० साली रायतूरलाच छापले. छापील स्वरूपात आलेले हे कोणत्याही भारतीय भाषेचे पहिले व्याकरण मानले जाते. त्याच १६४० च्या डिसेंबरात पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारले. योगायोगच, पण मला तो आवडतो.

या पुस्तकाचे नाव नीट वाचा. भाषा आमची, कोंकणी. नाव दिले 'कानारीं', म्हणजे कानडा मुलखावरून आलेले. पोर्तुगीजांना घाटावरचा कानडा आणि किनाऱ्यावरचा गोंयकार यांतला फरक फारसा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो मनावर घेतला नाही. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात आपण गोव्यात डोकी फोडून घेतली. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही तो धुमसतच राहिला. आणि त्या भाषेच्या पहिल्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर तिसऱ्याच भाषेचे नाव! (१८५७ साली कुन्हा रिव्हाराने हे व्याकरण पणजीत पुन्हा छापले तेव्हा मात्र 'कोंकणी' म्हटले.)

पण मुद्दा वेगळा आहे. स्टीफन्सने व्याकरण लिहिले ते कोणासाठी? गोंयकारांसाठी नव्हे, शिकाऊ पाद्र्यांसाठी. आणि ते लिहिताना साचा वापरला लॅटिनचा: नामांची विभक्ती, क्रियापदांचे काळ, मग वाक्यरचना. हा साचा आयबेरियातल्या शाळांत घोटून घोटून पक्का झालेला. त्याचा मोठा कारागीर म्हणजे स्पेनचा आंतोनिओ दे नेब्रिहा. याने १४८१ साली लॅटिन शिकणाऱ्यांसाठी व्याकरण काढले आणि १४९२ च्या ऑगस्टमध्ये सालामांकाला राणी इसाबेलला अर्पण केलेले कास्तिलियन भाषेचे, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण छापले. त्याच महिन्यात कोलंबसाने शिडे उभारली होती. भाषा आणि साम्राज्य हातात हात घालून चालतात असे नेब्रिहाने प्रस्तावनेत राणीला बजावले, ते पुढे फार गाजले. लोक तेवढेच सांगतात. मला मात्र त्याचा पाचवा खंड महत्त्वाचा वाटतो. तो त्याने खास परभाषकांसाठी लिहिला, ज्यांना ही भाषा बाहेरून शिकायची आहे त्यांच्यासाठी. स्पॅनिश शिकणाऱ्या परक्यांचा विचार पाचशे वर्षांपूर्वीच झाला होता म्हणायचा.

नेब्रिहाने काळांना दिलेली नावे तर माझ्या भाचीने वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतली आहेत: चालू, संपलेला भूत, न संपलेला भूत, संपल्याहूनही संपलेला भूत, आणि येणारा. लॅटिन शब्दांचा बडेजाव नाही. 'संपल्याहूनही संपलेला' हे ऐकून ती खूप हसली. पण आपला 'मी गेलो होतो' दुसरे काय आहे?

स्पॅनिश शिकणाऱ्या बहुतेकांचे घोडे अडते ते संपलेल्या आणि न संपलेल्या भूतकाळात. 'कोमी' म्हणजे मी खाल्ले, एकदा, संपले. 'कोमिआ' म्हणजे मी खात होतो, किंवा खात असे, खायचो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी पाने भरून नियम पाठ करावे लागतात, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्हीकडे चालतो. मराठी माणसाला नियम कशाला? 'आजोबा रोज वखारीत जायचे, एक दिवस गेले नाहीत.' या वाक्यातला पहिला भूतकाळ न संपलेला, दुसरा संपलेला. गोष्ट सांगताना मागचा पडदा पहिल्याने रंगतो आणि घटना दुसऱ्याने घडते. आपल्या शालेय व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात आणि पोरे तो मार्कांपुरता पाठ करतात. 'तो रोज येई, हिशेब पाही' यातला 'येई', 'पाही' तर आणखी गमतीचा. ज्ञानेश्वरांच्या मराठीत असली रूपे वर्तमानकाळाची होती. सातशे वर्षांत ती सरकत सरकत भूतकाळाच्या सवयीत जाऊन बसली, आणि त्याच जुन्या वर्तमानाला 'ल' लागून आपला भविष्यकाळ झाला: करी, करील. स्पॅनिशचा भविष्यकाळही असाच जोडकामाचा. 'आमारे' म्हणजे 'आमार' अधिक 'ए', प्रेम करणे आणि 'माझ्याकडे आहे' हे दोन शब्द चिकटून झालेला. हे जोडकाम नेब्रिहाने ओळखले होते.

एक ठिकाणी मात्र मराठी माणूस फसतो, आणि बेळगावचा जरा कमी फसतो. 'मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी केळे खाल्ले.' खाणारा मी एकच, क्रियापद मात्र फळागणिक बदलते. स्पॅनिशमध्ये 'कोमी' ते 'कोमी'च, फळ कोणतेही असो. कानडीतही 'तिंदे' ते 'तिंदे'च. गंमत म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्येही एके काळी आपल्यासारखीच सोय होती: 'मी पत्रे लिहिली आहेत' म्हणताना 'लिहिली' हे रूप पत्रांच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलू शके. पुढे ते थिजले. नेब्रिहाच्या काळी ते असे थिजत होते की त्याने या लिंग-वचन गमावलेल्या रूपासाठी व्याकरणात शब्दाची एक वेगळी जातच केली. आपल्याकडे 'लिहिली', 'खाल्ला' हे अजून जिवंत आहे.

आता सीमाभागाकडे येतो. स्टीफन्सनंतरची एक नोंद आमच्या बेळगावच्या दृष्टीने मोलाची आहे. १७७८ साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेतून 'ग्रामातिका मरास्ता' नावाचे मराठीचे व्याकरण छापले गेले. मिशनऱ्यांसाठीच. त्याच्या लांबलचक नावात म्हटले आहे की ही मराठी निजामशहा आणि 'इदलशहा' यांच्या राज्यांत सर्रास चालणारी आहे. इदलशहा म्हणजे आदिलशहा. त्याचे राज्य १६८६ सालीच बुडाले होते, पण रोमला त्याचे काय! बेळगावचा किल्ला याच आदिलशाहीतला, तिथली सफा मशीद असदखानाने बांधलेली. तेव्हा केरीच्या मराठी व्याकरणाच्या आधी सत्तावीस वर्षे, आणि दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणाच्या कितीतरी आधी, 'सर्रास चालणारी मराठी' म्हणून जिच्याकडे बोट दाखवले गेले त्या मुलखात बेळगावही येत होते. पुण्याची मराठी प्रमाण ठरली ती नंतर, इंग्रज अमदानीत, शाळाखात्याच्या पुस्तकांतून. हे मी पुण्याच्या द्वेषाने म्हणत नाही. क्रम सांगतो आहे.

सीमेवरच्या मराठीत काय घडते हे नीट तपासले ते परदेशी अभ्यासकांनी. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर निबंध लिहिला, त्यात गावाचे नाव 'कुपवार' असे येते. गावात कानडी, मराठी, उर्दू अशा भाषा, आणि पुरुषमाणसे रोजच्या व्यवहारात एकाहून अधिक भाषा बोलणारी. त्यांना आढळले की शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. लिंगाचे पाहा. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. तर त्या गावच्या मराठीत नदीला पूर आला की 'नदी आलं' म्हणत. आपल्या शाळेत यावर लाल रेघ ओढली असती. त्या दोघांनी त्यात नियम पाहिला.

बेळगाव-निपाणीकडचे 'काय करायलास?', 'जेवायलोय' हेही असेच. 'जेवायला लागलोय' याचा तो संक्षेप. धारवाडकडच्या कानडीत 'माडाकत्तीनि' म्हणतात, त्यातही 'करायला' अधिक 'हत्तु', म्हणजे लागणे, चिकटणे. घडण एक, शब्द दोन. आणि हा चालू वर्तमान 'जेवतो'पासून स्वच्छ वेगळा राहतो. स्पॅनिशमध्येही 'कोमो' म्हणजे जेवतो आणि 'एस्तोय कोमिएंदो' म्हणजे जेवायलोय. भाचीने मला हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "'जेवतो आहे' असे लिही." ती म्हणाली, "मी जेवायलोय असंच लिहितो, मामा. वही माझी हाय." मी गप्प बसलो.

नामांची कथा निपाणीच्या आजीकडे गेल्याशिवाय पुरी होत नाही. आजी म्हणजे भाचीची आजी, बहिणीची सासू. बेळगावहून कोल्हापूरच्या हमरस्त्याने निघाले की सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर निपाणी. गावाला तंबाखूचा वास. वखारीत काम करणाऱ्या बायका, बिड्या वळणाऱ्या बायका, १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, हे सगळे आजीच्या बोलण्यात येते. तिच्यापुढे भाचीने विचारले, "आजी, तंबाखू तो की ती?" आजी म्हणाली, "ती." आपणही तंबाखू खाल्ली, तंबाखू मळली असेच म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'एल ताबाको', पुल्लिंगी. शब्द कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिशांनी उचलला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि आदिलशाहीत रुजला. १६०४ च्या सुमारास अकबराचा सरदार असदबेग विजापूरला आला, त्याला तिथे तंबाखू दिसली आणि तो ती बादशहासाठी नजराणा म्हणून घेऊन गेला. एवढ्या प्रवासात तिने लिंग बदलले तर नवल काय?

अशी कितीतरी. बटाटा पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, स्पॅनिशची 'पाताता'ही स्त्रीलिंगी. आपल्याकडे शेवटी 'आ' आला की पुल्लिंग, घोडा, माळा तसा बटाटा. उलट 'बाल्द' पुल्लिंगी, आपली बादली स्त्रीलिंगी. 'प्रातु' पुल्लिंगी, आपली परात स्त्रीलिंगी. 'गामेला' स्त्रीलिंगी, आपले घमेले नपुंसक. 'शाव' मात्र स्त्रीलिंगी आली आणि चावी होऊन स्त्रीलिंगीच राहिली. भाषा पाहुण्या शब्दाला जात विचारत नाही, शेवटचा स्वर पाहून त्याला पंगतीत बसवते.

याच 'आ'मुळे भाची सुरुवातीला सतत चुकत होती. 'कासा' म्हणजे घर, ते तिला पुल्लिंगी वाटे आणि विशेषण 'ओ'कारान्त लावी. मी तिला म्हटले, मराठी बाजूला ठेव, तुझ्या आईची कोंकणी आठव. बरो, बरी, बरें. 'ओ' आला की पुरुष. स्पॅनिशमध्ये 'बुएनो', 'बुएना'. तिथून ती पुल्लिंगात चुकेनाशी झाली. स्त्रीलिंगाचा 'आ' तिने वेगळा पाठ केला, आणि 'ला मानो' (हात, पण स्त्रीलिंगी) व 'एल दिआ' (दिवस, पण पुल्लिंगी) हे खट्याळ शब्द भिंतीवर चिकटवले.

आणखी एक सोय आपल्याला घरबसल्या मिळते. 'मला आंबा आवडतो' हे इंग्रजीत 'मी' कर्ता करून सांगतात. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो'. मला, आवडतो, आंबा. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान', आवडतात. क्रियापद आंब्याचे ऐकते, माझे नाही. शिकवणाऱ्या पुस्तकांत यावर मोठे प्रकरण असते. आजीला भाचीने ते समजावले तर आजी म्हणाली, "मग त्यात शिकायचं काय?" आणि 'ला' प्रत्ययही पाहा. 'घर बघतो' पण 'मावशीला बघतो'. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मि तिआ'. माणूस आला की मध्ये 'आ'. वस्तू आणि माणूस यांत एवढा फरक व्याकरणानेच करायचा, हे स्पेन आणि निपाणी दोघांनाही मान्य!

आता तिची वही तीन रकान्यांची झाली आहे. स्पॅनिश, मराठी, कानडी. मराठीच्या रकान्यात तिची बेळगावी रूपे आहेत, आणि जिथे पुस्तकी रूप वेगळे आहे तिथे ते कंसात. कानडीचा रकाना अडला की आजीला फोन. चारशे वर्षांपूर्वी परक्या पाद्र्यांनी आमची भाषा त्यांच्या साच्यात बसवली होती. इथे एक मुलगी त्यांची भाषा आपल्या साच्यात बसवायला निघाली आहे. मी त्या मे महिन्याबद्दल तिची माफी मागितली, तर म्हणाली, "मला आठवतंय की. पाहुण्यांत एक दाढीवाले होते." एवढेच.

गेल्या आठवड्यात तिचा नवा प्रश्न आला. नेब्रिहाच्या 'न संपलेल्या भूता'ला मराठीत नाव काय द्यायचे? मी अपूर्णभूत सुचवले. तिने दुसऱ्या दिवशी कळवले की चालणार नाही, कारण 'खात होतो' अपूर्णभूत झाला, पण 'खायचो' रीतिभूत, आणि 'कोमिआ' दोन्हीकडे जातो. आजीला विचारले तर तिने तिसरेच काही सांगितले, ते फोनवर नीट ऐकू आले नाही. तूर्त वहीत दोन्ही नावे आहेत, मध्ये तिरकी रेघ.